बैठकीतली गोष्ट बाहेर गेली: फोडणाऱ्याचा शोध घ्यावा का?

मोतीबागकर | ८ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

सिडनीची कसोटी रविवारी संपली आणि मालिका ३-१ अशी हातची गेली. त्या दौऱ्यात खेळापेक्षा अधिक चर्चा झाली ती मेलबर्नच्या पराभवानंतर प्रशिक्षक गौतम गंभीर ड्रेसिंग रूममध्ये काय बोलले याची. ते बोलणे वर्तमानपत्रात आले. सिडनीच्या सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत गंभीर यांनी सांगितले की प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातले बोलणे ड्रेसिंग रूममध्येच राहिले पाहिजे, आणि जे छापून आले त्या नुसत्या बातम्या आहेत, सत्य नव्हे. गेले आठ दिवस मी हा विषय वाचतो आहे, कारण याच दुखण्याची लहान आवृत्ती सध्या माझ्या घरी आहे.

वडोदऱ्यातल्या एका क्लबच्या १९ वर्षांखालील संघाला मी चार वर्षे शिकवतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅव्हेलियनमागच्या खोलीत आमची बैठक झाली. पंधरा मुले होती, माझे दोन साहाय्यक होते. कर्णधाराचा गुडघा दुखतो, तो ते लपवतो, स्लिपमध्ये वाकत नाही, आणि त्याचा परिणाम गोलंदाजांवर होतो, हे मी त्याच्या तोंडावर आणि सर्वांसमोर सांगितले. पुढच्या सामन्यात त्याला विश्रांती देऊन उपकर्णधाराकडे संघ देण्याचा माझा विचार आहे, असेही सांगितले. चौथ्या दिवशी मोबाईलवर चालणाऱ्या एका स्थानिक बातमीपत्रात मथळा आला की प्रशिक्षकाचा कर्णधारावर विश्वास उरलेला नाही. मुलाच्या आईने मला फोन करून ती बातमी अक्षर न अक्षर वाचून दाखवली. मागे कुकरची शिट्टी होत होती, आणि त्या बाई एकदाही आवाज न चढवता वाचत होत्या. मला ते फार लागले.

आता बैठकीत मी प्रश्न विचारला की पंधराही जण बुटांच्या नाड्यांकडे पाहतात. सगळ्यांचा संशय एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजावर आहे, कारण त्याचे मामा एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात नोकरीला आहेत. दोन मुलांनी त्याच्याबरोबर डबा खाणे बंद केले आहे. क्लबचे पदाधिकारी म्हणतात, मुलांचे फोन तपासा. ते मला पटत नाही, पण काहीच केले नाही तर संघ विस्कटेल असेही वाटते. ज्यांनी वरच्या पातळीवर खेळले आहे, शिकवले आहे किंवा वार्तांकन केले आहे, त्यांनी कृपा करून सांगावे: फोडणाऱ्याचा शोध घ्यावा का?

रावपुरा_रेवती | ८ जानेवारी, रात्री १०.०५

घेऊ नये. सतरा वर्षांच्या मुलाचा फोन तपासणे हा बातमी फुटण्यापेक्षा मोठा विश्वासघात आहे.

अलकापुरीचा_अभय | ८ जानेवारी, रात्री ११.२०

रेवतीताईंशी मी सहमत नाही. शोध घेतलाच पाहिजे, मात्र फोन न तपासता. ड्रेसिंग रूम ही संघाची माजघराची खोली आहे. तिथे माणूस घाम पुसताना, रडताना, रागावताना जे बोलतो ते बाहेर जाणार असेल तर उद्या कोणीही खरे बोलणार नाही. ‘माझ्याकडून यॉर्कर पडत नाही, मला शेवटचे षटक देऊ नका’ हे वाक्य गोलंदाज कर्णधाराला सांगतो तेव्हा तो सामना वाचवत असतो, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी छापून आले तर त्याची पुढची तीन वर्षे जातात.

फुटलेली माहिती सरळ मैदानावरही नुकसान करते. २००६-०७ च्या अ‍ॅशेस मालिकेत मेलबर्न कसोटीच्या वेळी इंग्लंडने ऑस्ट्रेलियाच्या एकेका फलंदाजाला कुठे गोलंदाजी करायची याची आखणी लिहून ठेवली होती. तो कागद ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओच्या हाती लागला आणि मजकूर प्रसारित झाला. ती मालिका इंग्लंड ५-० हरले. कागदामुळेच हरले असे मी म्हणत नाही, पण ज्या संघाच्या भिंतीआडचा कागद रेडिओवर वाचला जातो, त्या संघात काय वातावरण असेल याची कल्पना करा.

होळकरी | ९ जानेवारी, सकाळी ७.१५

इंदूरहून नमस्कार. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी आमच्या होळकर संघाविरुद्ध तुमच्या गावी जी ५७७ धावांची भागीदारी केली, ती आम्ही अजून विसरलेलो नाही, तरीही तुमच्या धाग्यावर मनापासून लिहितो आहे.

अभयराव, वातावरण बिघडते ते बातमी फुटल्यामुळे, की आधीच बिघडलेले असते म्हणून बातमी फुटते? १९३६ चा इंग्लंड दौरा आठवा. आमचे कर्नल सी. के. नायडू संघात होते, पण कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे होते. संघात उघड दोन तट पडले होते. लाला अमरनाथ भरात होते, तरी पहिल्या कसोटीआधीच त्यांना बेशिस्तीच्या कारणावरून मायदेशी पाठवले गेले. पुढे त्याच्या चौकशीसाठी ब्यूमाँट समिती बसली आणि १९३७ च्या जानेवारीत तिचा अहवाल आला. त्या वेळी ना मोबाईल होते ना वाहिन्या, तरी त्या दौऱ्यातली भांडणे दोन्ही देशांत चघळली गेली. घर आधीच दुभंगलेले असेल तर त्याच्या भिंतींना जास्तीचे कान फुटतात.

जुना_वार्ताहर | ९ जानेवारी, दुपारी १.३०

मी वडोदऱ्यात सत्तावीस वर्षे क्रीडा वार्तांकन केले, त्यातली बरीच वर्षे मोतीबागच्या कट्ट्यावर. त्यामुळे मोतीबागकरांचा प्रश्न मला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. जरा विस्ताराने लिहितो.

बातमी खेळाडू फोडतात ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. खेळाडूला गमावण्यासारखे खूप असते. आंतरराष्ट्रीय सामन्याच्या दिवशी तर खेळाडूंचे फोन भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या ताब्यात असतात, आणि २०१८ साली लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या खेळाडूंना स्मार्ट घड्याळे घालू नका असे सांगावे लागले होते, इतका तो पहारा कडक असतो. माझ्या अनुभवात बातमी यायची ती खोलीबाहेरच्या पडवीतून. निवड समितीच्या सभेला बसलेला पण मत न विचारला गेलेला सदस्य, संघटनेच्या निवडणुकीत पडलेल्या गटाचा माणूस, खेळाडूचे व्यवहार पाहणारा मध्यस्थ आणि सर्वांत जास्त वेळा खेळाडूचे वडील, हे आमचे खरे ‘सूत्र’. त्यांच्यापैकी कोणीही खोलीत नसे. प्रत्येकाला कोणीतरी विश्वासाने काहीतरी सांगितलेले असे.

दुसरे असे की प्रत्येक सूत्राचे काम असते. फुकट कोणी सांगत नाही. ‘तुला म्हणून सांगतो’ या शब्दांनी सुरू होणारा फोन आला की मी आधी स्वतःला विचारत असे, की ही बातमी उद्या छापली तर याचा फायदा काय. उत्तर मिळाले की मग दुसऱ्या माणसाकडून खात्री करायची आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला छापण्याआधी फोन करायचा. हा शेवटचा फोन आता कोणी करत नाही. मोतीबागकर, तुम्हाला त्या बातमीपत्राने फोन केला होता का? नसेल केला, तर पहिला दोष त्यांचा आहे, आणि हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल दुःखाने लिहितो.

आणि एक व्यवहारातली सूचना. फुटलेल्या बातमीत कोण बोलले हे शोधू नका, शब्द कोणाचे आहेत ते पाहा. मूळ बोलणाऱ्याचे शब्द प्रवासात फार बदलत नाहीत.

सुरसागर_८३ | ९ जानेवारी, दुपारी ३.००

वार्ताहरकाका, शेवटचा परिच्छेद जपून ठेवला आहे. असेच लिहीत राहा.

अलकापुरीचा_अभय | ९ जानेवारी, रात्री ९.१०

काका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण खेळाडू अगदीच निर्दोष नसतात. २००५ च्या झिंबाब्वे दौऱ्यात बुलावायोच्या कसोटीआधी कर्णधारपदाबद्दल प्रशिक्षक ग्रेग चॅपल आणि कर्णधार सौरव गांगुली यांच्यात जे बोलणे झाले, ते शतक ठोकल्यावर गांगुलीनेच बोलून दाखवले होते. ती गोष्ट बाहेर गेली नसती तर पुढचे रामायण घडलेच नसते.

जुना_वार्ताहर | ९ जानेवारी, रात्री १०.२५

अभयराव, ते खरे आहे आणि तुम्ही ते आठवलेत हे बरे केलेत. पण पुढे काय झाले तेही पाहा. चॅपल यांनी भारतीय क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष रणबीरसिंह महेंद्र यांना सविस्तर ई-मेल लिहिला आणि तो ई-मेल वर्तमानपत्रांत पोहोचला. कर्णधाराचे एक वाक्य दोन दिवसांत विरले असते. प्रशिक्षकाने कर्णधाराविषयी वरिष्ठांना लिहिलेला कागद छापून आल्यावर मात्र त्या दोघांना परत एकत्र बसवणे कोणालाही शक्य नव्हते. हा कागद ड्रेसिंग रूममधून फुटलेला नाही. तो वर पाठवला गेला आणि त्यानंतर फुटला. माझ्या म्हणण्याचा रोख हाच आहे.

फिजिओ_मृणाल | १० जानेवारी, सकाळी ८.०५

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला या चर्चेत एक गोष्ट सुटलेली दिसते. मोतीबागकर सरांनी जे सांगितले त्यात कर्णधारपद ही संघाची गोष्ट आहे, गुडघा मात्र त्या मुलाचा आहे. शरीराबद्दलची माहिती रुग्णाच्या मालकीची असते. मी ज्या संघांबरोबर काम केले तिथे मी प्रशिक्षकाला फक्त तीनच गोष्टी सांगत असे: खेळू शकतो, मर्यादेत खेळू शकतो, खेळू शकत नाही. नेमके काय दुखते ते खेळाडूच्या संमतीशिवाय मी कर्णधारालाही सांगितले नाही, आणि त्यावरून एकदा माझे काम गेले, त्याचे मला वाईट वाटत नाही.

सर, तुम्ही पंधरा मुलांसमोर त्याच्या गुडघ्याबद्दल बोललात तेव्हाच ती माहिती एका अर्थाने फुटली होती. रागावू नका, पण हे लिहिणे मला आवश्यक वाटले.

मोतीबागकर | १० जानेवारी, सकाळी ११.५०

मृणालताई, राग नाही. दोनदा वाचले. तुमचे बरोबर आहे.

कलम_आणि_कायदा | १० जानेवारी, रात्री ८.४५

वकील या नात्याने एक भेद स्पष्ट करतो, कारण बातमी फोडणे आणि सट्टेबाजाला माहिती देणे यांची लोक सरमिसळ करतात. आयसीसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या, भ्रष्टाचारविरोधी संहितेतले कलम २.३ ‘आतल्या माहिती’विषयी आहे. संघात कोण खेळणार, कोणाला दुखापत आहे, नाणेफेक जिंकल्यावर काय करणार, खेळपट्टी कशी आहे, अशी जी माहिती अजून जाहीर झालेली नाही ती आतली माहिती. ती पैजेसाठी वापरणे हा गुन्हा आहेच, पण ज्याला सांगतो आहोत तो ती पैजेसाठी वापरू शकेल हे कळायला हवे होते अशा माणसाला सांगणे हाही गुन्हा आहे. बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी आली, त्यातले एक वर्ष स्थगित होते. त्याच्याकडे आतली माहिती मागणारे संदेश आले होते आणि त्याने ते यंत्रणेला कळवले नव्हते. त्याने माहिती पुरवली असे कोणी म्हटले नाही. न कळवणे एवढाच दोष होता.

पत्रकाराला सांगणे हा त्या कलमाखाली आपोआप गुन्हा ठरत नाही. तो कराराचा, शिस्तीचा आणि नैतिकतेचा प्रश्न आहे. तुमच्या मुलांचा क्लबशी गोपनीयतेचा लेखी करार नाही, तेव्हा पदाधिकाऱ्यांना फोन तपासण्याचा कोणताही अधिकार नाही. हे त्यांना शांतपणे पण स्पष्ट सांगा.

होळकरी | १० जानेवारी, रात्री ९.३०

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला जोडून दुसरी बाजू मांडतो. सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोला मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांनी ‘जॉन’ नावाच्या भारतीय सट्टेबाजाकडून पैसे घेतले आणि नंतर त्याला खेळपट्टी व हवामान यांची माहिती दिली. ऑस्ट्रेलियाच्या मंडळाला हे १९९५ च्या सुरुवातीलाच कळले. त्यांनी दोघांना दंड केला आणि प्रकरण मिटवून टाकले. जवळजवळ चार वर्षे जगाला पत्ता नव्हता. डिसेंबर १९९८ मध्ये माल्कम कॉन या पत्रकाराने ते उघडकीस आणले. म्हणजे मंडळाच्या आतून कोणीतरी काहीतरी बोलले असणारच. त्या माणसाला तुम्ही घरभेदी म्हणाल का? मी म्हणणार नाही. मी त्याचा ऋणी आहे.

अलकापुरीचा_अभय | ११ जानेवारी, सकाळी ९.००

होळकरी, तो लपवलेला अपराध होता आणि त्याला वाचा फोडणे हे कर्तव्यच होते. प्रशिक्षक खेळाडूंवर रागावला हा अपराध नव्हे. माझा विरोध दुसऱ्या प्रकाराला आहे. दोन्हींना ‘लीक’ हा एकच शब्द चिकटवल्यामुळे गोंधळ होतो.

रावपुरा_रेवती | ११ जानेवारी, दुपारी १२.४०

या एका बाबतीत आपण दोघे सहमत आहोत असे दिसते. माझा आक्षेप शोधाला आहे, कारण शोधात सापडतो तो बहुधा चुकीचाच माणूस. इंग्लंडने फलंदाजांच्या अंगावर चेंडू टाकण्याचे डावपेच वापरले, त्या बॉडीलाइन मालिकेतले उदाहरण देते.

जानेवारी १९३३, ॲडलेडची कसोटी. इंग्लंडच्या लारवुडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल वुडफुल याच्या छातीवर, हृदयाच्या जवळ बसला. इंग्लंडचे व्यवस्थापक पेल्हम वॉर्नर विचारपूस करायला ऑस्ट्रेलियाच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले. मैदानावर दोन संघ आहेत आणि त्यांतला एकच क्रिकेट खेळतो आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन वुडफुलने त्यांना परत पाठवले. ते उत्तर वर्तमानपत्रांत आले आणि दोन देशांचे संबंध ताणले गेले. संशय कोणावर? जॅक फिंगलटनवर, कारण सलामीचा हा फलंदाज पेशाने पत्रकार होता. तो आयुष्यभर नाही म्हणत राहिला. १९३४ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्याची निवड झाली नाही आणि याच संशयाने आपला घात केला असे त्याला वाटत राहिले. पुढे त्याने डॉन ब्रॅडमनकडे बोट दाखवले. ब्रॅडमनने तेही नाकारले. फिंगलटन १९८१ मध्ये गेला, ब्रॅडमन २००१ मध्ये गेला, आणि ब्याण्णव वर्षांनीही उत्तर मिळालेले नाही.

मोतीबागकर, तुमच्या फिरकी गोलंदाजाचे मामा जाहिरात विभागात आहेत, एवढाच काय तो पुरावा आहे. पत्रकार म्हणून फिंगलटन दोषी, तसा भाचा म्हणून हा दोषी. त्याचा डबा आज एकट्याने खाल्ला जातो आहे, हे मला ती बातमी फुटण्यापेक्षा अधिक गंभीर वाटते.

सुरसागर_८३ | ११ जानेवारी, दुपारी १.१०

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २००९ चे आयपीएल आहे. दक्षिण आफ्रिकेत ती स्पर्धा चालू असताना कोलकाता नाइट रायडर्सच्या तंबूतल्या गोष्टी सांगणारा एक निनावी ब्लॉग गाजत होता. लिहिणारा खेळाडूच आहे असे सर्वांना वाटले आणि संघातल्या खऱ्या खेळाडूंकडे बोटे दाखवली गेली. पुढच्या वर्षी लेखक स्वतःहून समोर आला, तर तो बंगळुरूचा मार्केटिंग क्षेत्रातला माणूस निघाला. त्या संघाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

नवा_चेंडू | १२ जानेवारी, रात्री १०.१५

मी अजून खेळतो, म्हणून संघाचे नाव लिहीत नाही. मोठी मंडळी वर बोलली आहेत, पण ज्याच्याबद्दल बातमी असते त्याला काय वाटते हे कोणी लिहिले नाही.

तीन वर्षांपूर्वी एका संघातून मला वगळले. मला ते कळले सकाळी सहा वाजता दांडिया बाजारच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर ठेवलेल्या पेपरातून. ‘सूत्रांनी सांगितले’ असे लिहून खाली माझे नाव होते आणि माझी तंदुरुस्ती समाधानकारक नसल्याचे कारण होते. टपरीवाल्या काकांनी त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. सराव साडेसहाला होता. जावे की घरी परतावे हे मला समजेना. मी गेलो, किटची बॅग खाली ठेवली, आणि प्रशिक्षकांनी माझ्याकडे न पाहता इतरांना धावायला पाठवले. त्यांनी त्या वेळी पाच मिनिटे बोलले असते, तर पेपरवाल्यांवरचा माझा सगळा राग निघून गेला असता. अजूनही बोललेले नाहीत.

फेब्रुवारी २०२२ मध्ये यष्टिरक्षक वृद्धिमान साहा यांनी सांगितले की भारताचे तेव्हाचे प्रशिक्षक राहुल द्रविड यांनी त्यांना निवृत्तीचा विचार करायला सुचवले होते. खासगी बोलणे उघड केले म्हणून लोकांनी साहांना नावे ठेवली. द्रविड यांना विचारले तेव्हा ते म्हणाले की मला अजिबात वाईट वाटलेले नाही, साहा यांना स्पष्टपणा मिळायला हवा होता आणि ही गोष्ट त्यांना माध्यमांतून कळावी असे मला वाटत नव्हते. हे मी वाचले त्या दिवशी मी फार वेळ गच्चीवर बसलो होतो. कोणी आपल्याशी इतके सरळ वागले असते तर, असे वाटले.

मोतीबागकर सर, तुम्ही कर्णधाराला तोंडावर सांगितलेत. मृणालताईंचा मुद्दा खरा आहे, पण तोंडावर सांगणारा प्रशिक्षक मिळणे हीदेखील मोठी गोष्ट आहे.

जुना_वार्ताहर | १३ जानेवारी, सकाळी ७.००

नवा_चेंडू, तुझ्या पोस्टीने गहिवरून आले. मी अशा बातम्या लिहिल्या आहेत. टपरीवर ती कोण वाचतो याचा विचार केला नव्हता.

साहांच्याच प्रकरणात एका पत्रकाराने मुलाखत दिली नाही म्हणून त्यांना धमकीवजा संदेश पाठवले, साहांनी ते लोकांसमोर ठेवले आणि मंडळाने चौकशी करून त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी घातली. ती बंदी योग्य होती असे मी तेव्हाही म्हटले होते. बातमी मागायची असते, हिसकावायची नसते.

अलकापुरीचा_अभय | १३ जानेवारी, रात्री ८.३०

आपल्या गावचे उदाहरण कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो. जानेवारी २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या तोंडावर दीपक हुडा बडोद्याच्या संघाचा तळ सोडून गेला. कर्णधार कृणाल पंड्याच्या वागणुकीविषयी त्याने संघटनेला लिहिलेली तक्रार लगोलग सगळीकडे वाचायला मिळाली. कोणाची बाजू खरी हे मी ठरवत नाही. संघटनेने हुडाला त्या मोसमापुरते निलंबित केले आणि पुढच्या मोसमात तो राजस्थानकडून खेळला. मला इतकेच म्हणायचे आहे की ती तक्रार बंद खोलीत ऐकली गेली असती, तर कदाचित दोघे एकाच संघात खेळत राहिले असते. एकदा सगळे गाव वाचते म्हटल्यावर कोणालाही एक पाऊल मागे घेता येत नाही. होळकरी, बातमी फुटण्याचे खरे नुकसान मला हे दिसते: तडजोडीची जागाच उरत नाही.

होळकरी | १३ जानेवारी, रात्री ९.४५

हा मुद्दा मान्य. १९३६ लाही हेच लागू आहे.

मोतीबागकर | १५ जानेवारी, रात्री ११.३०

उत्तरायणाचे दोन दिवस सराव बंद होता, म्हणून निवांत बसलो आणि वार्ताहरकाकांनी सांगितले तसे ते बातमीपत्र पुन्हा शब्द न शब्द वाचले.

बातमीत एक वाक्य आहे: ‘कर्णधारपदाचा भार त्याला पेलवत नसल्याचे प्रशिक्षकांचे मत आहे.’ मी खोलीत हे वाक्य बोललो नव्हतो. मुलांशी मी असे बोलत नाही, आमची भाषा निम्मी मराठी, निम्मी गुजराती असते. मी त्याला म्हणालो होतो, ‘गुडघा सांभाळ, एक सामना थांब, संघ कुठे पळून जात नाही.’ मग ‘भार पेलवत नाही’ हे आले कुठून? मध्यरात्री फोन उघडून जुने संदेश पाहिले. बैठक संपल्यावर त्याच संध्याकाळी मी क्लबच्या पाच पदाधिकाऱ्यांना अहवालवजा संदेश पाठवला होता. त्यात हेच वाक्य आहे. काना, मात्रा, वेलांटी सगळे तेच.

म्हणजे खोलीतल्या कोणीही काहीही फोडलेले नाही. कागद मी वर पाठवला आणि तो वरून बाहेर गेला, आणि ज्यांच्याकडून तो गेला त्यांच्यापैकीच कोणीतरी मला मुलांचे फोन तपासायला सांगत होते. पाचांपैकी कोण, हे मी शोधणार नाही. पण पंधरा दिवस एका निरपराध मुलाने एकट्याने डबा खाल्ला, आणि मी ते पाहत होतो. त्याचे काय करावे ते समजत नाही.

रावपुरा_रेवती | १६ जानेवारी, सकाळी ६.५०

उद्याची वाट पाहू नका. आज सरावाला सर्वांसमोर सांगा. संशय सर्वांसमोर होता, तर खुलासाही सर्वांसमोर व्हायला हवा.

कलम_आणि_कायदा | १६ जानेवारी, सकाळी ९.२०

आणि यापुढे पदाधिकाऱ्यांना लेखी फक्त निर्णय कळवा, कारणे तोंडी सांगा. कागद जितका लांब, तितके त्याला पाय अधिक.

अलकापुरीचा_अभय | १९ जानेवारी, सकाळी १०.३०

काल कोटंबीला विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना पाहायला गेलो होतो. कर्नाटक जिंकले, विदर्भ हरले. त्याच दुपारी मुंबईत चॅम्पियन्स करंडकाचा संघ जाहीर झाला आणि विदर्भाच्या करुण नायरचे नाव त्यात नव्हते. या स्पर्धेत त्याने ७७९ धावा केल्या आहेत. पण अजित आगरकर यांनी पत्रकार परिषदेत त्याचे नाव घेऊन सांगितले की सातशेच्या वरची सरासरी असामान्य आहे, तरी पंधरा जणांत सर्वांना बसवता येत नाही. निर्णय पटो न पटो, निवड समितीचा प्रमुख नाव घेऊन कारण सांगतो तेव्हा सूत्रांचे काम संपते. नवा_चेंडूची पोस्ट मला तिथे सारखी आठवत होती.

आणि त्याच पत्रकार परिषदेत खेळाडूंच्या कुटुंबीयांविषयीच्या मंडळाच्या नव्या नियमांबद्दल रोहित शर्मा आगरकरांशी हळू आवाजात बोलत होता, ते समोरच्या चालू माइकने सर्वांना ऐकवले. इथे तर फोडणारा कोणीच नव्हता.

शोधाबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. गुप्तता राखलीच पाहिजे हे मत मात्र कायम आहे.

मोतीबागकर | १९ जानेवारी, रात्री ९.००

गुरुवारीच सांगितले. सर्वांना खेळपट्टीजवळ गोल बसवले, संदेश फोनवर मोठ्या अक्षरांत उघडून फिरवला, ते वाक्य मी लिहिले आहे असे सांगितले आणि त्या मुलाची नाव घेऊन क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. मान खाली घालून हातातला चेंडू मांडीवर घासत राहिला. ज्या दोघांनी डबा वेगळा केला होता, त्यांच्यातला एक आज त्याच्या शेजारी बसला. दुसरा अजून बसलेला नाही.

कर्णधाराच्या आईंना घरी जाऊन भेटलो. त्यांनी चहा दिला, पण बातमीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही. निघताना क्षमा मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही आधीच यायला हवे होते. पदाधिकाऱ्यांना मी कळवले आहे की यापुढे बैठकीचा अहवाल लिहून मिळणार नाही. एकजण रागावले आहेत.

फिजिओ_मृणाल | १९ जानेवारी, रात्री ९.२५

सर, आणि गुडघा? इतक्या पोस्टींत त्याच्याबद्दल पुढे कोणी विचारलेच नाही. तपासणी झाली का?

मोतीबागकर | १९ जानेवारी, रात्री ९.४०

नाही झाली. बातमीच्या नादात राहूनच गेली, ताई. त्याला आणि त्याच्या आईंना विचारतो, त्यांची संमती असेल तर मंगळवारी सकाळी तुमच्याकडे घेऊन येतो. वेळ कळवाल का?

फिजिओ_मृणाल | १९ जानेवारी, रात्री ९.४२

साडेआठला या. त्याला आधीचे काही एक्स-रे असतील तर बरोबर आणायला सांगा, आणि आत मात्र तो एकटा येईल.